कोंबडं झाकलं तरी अंडं येतंच, पण पिल्लू?

(या भागाचं लेखी रूप. बोलताना जे दोनदा-तीनदा आलं ते काढलंय, बाकी बोलणं जसंच्या तसं ठेवलंय.)

 

आजचा प्रश्न ऐकायला अगदी शाळकरी वाटेल. कोंबडा नसेल तर कोंबडी अंडं देते का? पण गंमत बघा, गेल्या काही महिन्यांत हाच प्रश्न आमच्याकडे किती वेगवेगळ्या तोंडांनी आलाय. कुणाला घरामागे चार कोंबड्या पाळायच्या आहेत आणि शेजाऱ्यांना पहाटेचं आरवणं नको आहे. कुणाचं हॉस्टेलमध्ये रूममेटशी भांडण लागलंय, अंडं शाकाहारी की मांसाहारी. आणि एका पोराला तर त्याच्या आईनंच विचारायला लावलंय. त्याच्या आईची गोष्ट पुढे सांगते, कारण तिच्यासाठी हा प्रश्न क्विझचा नव्हता, पैशांचा होता.

उत्तर आधीच देऊन टाकते. अंड्यासाठी कोंबडा लागत नाही. पिल्लासाठी लागतो. ज्यांना घाई आहे त्यांनी इथूनच इयरफोन काढले तरी चालेल.

बाकीच्यांनी थांबा. कारण या दोन वाक्यांच्या मध्ये एक कॅलेंडर लपलंय. ते कॅलेंडर ज्याला माहीत आहे त्याच्या टोपलीत पिल्लं निघतात, आणि ज्याला माहीत नाही त्याची कोंबडी एकवीस दिवस रिकाम्या अंड्यांवर बसून राहते.

कोंबडीच्या पोटातला कारखाना

कोंबडीला अंडाशय असतात दोन, पण कामाचा असतो एकच, डावीकडचा. त्यात लहान-मोठे बलक द्राक्षांच्या घडासारखे लटकलेले असतात. जो पूर्ण वाढतो तो सुटतो आणि खाली एका लांब नळीत पडतो. अंडं म्हणजे या बलकाचा त्या नळीतला प्रवास.

नळीचं तोंड नरसाळ्यासारखं असतं. तिथे बलक पंधरा-वीस मिनिटं थांबतो. मग साधारण तीन तास त्याच्यावर पांढरा भाग चढतो. मग तासाभरात आतलं पातळ पापुद्र्याचं आवरण. उकडलेलं अंडं सोलताना जो पापुद्रा नखाला चिकटतो ना, तोच. आणि मग सगळ्यात मोठं काम, कवच. त्याला जवळजवळ वीस तास लागतात. सगळं मिळून चोवीस ते सव्वीस तास. अंडं बाहेर आलं की अर्ध्या-पाऊण तासात पुढचा बलक सुटतो.

म्हणूनच कोंबडी रोज थोडी उशिरा अंडं देते. आज सकाळी आठला, उद्या नऊला, परवा साडेदहाला. असं सरकत सरकत दुपार कलली की एक दिवस खाडा. तुमच्या आजीनं 'आज हिनं दांडी मारली' म्हटलं असेल तर तो हिशोब हा आहे.

आता सांगा, या सगळ्या कामात कोंबडा कुठे आला? कुठेच नाही. बलक कधी सुटणार हे ठरतं कोंबडीच्या स्वतःच्या हार्मोन्सवर, आणि ती हार्मोन्स चालतात उजेडावर. दिवसाला चौदा-एक तास उजेड मिळाला की कोंबडी जोरात अंड्यावर येते. थंडीत दिवस लहान झाला की गावरान कोंबडी हात आखडता घेते. पोल्ट्रीच्या शेडमध्ये संध्याकाळी बल्ब लावतात ते याचसाठी. त्याखालोखाल महत्त्वाचं खाणं. एका अंड्याच्या कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. ते खाण्यातून मिळालं नाही तर कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते. म्हणून शिंपल्याचा चुरा द्या म्हणतात.

आपल्याकडे म्हण आहे, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. तर मंडळी, अंडंही राहत नाही. कोंबडा आणला म्हणून अंडी वाढत नाहीत आणि कोंबडा गेला म्हणून थांबत नाहीत.

मग कोंबडा करतो काय?

कळपावर लक्ष ठेवतो, घार दिसली की ओरडतो, दाणा सापडला की कोंबड्यांना बोलावतो. हे सगळं आहेच. पण आपल्या प्रश्नापुरतं त्याचं काम एकच. बलकावर जो छोटासा पांढुरका ठिपका असतो, तो फलित करणं.

आणि इथे वेळेची मोठी गंमत आहे. फलन होऊ शकतं ते फक्त त्या नरसाळ्यात, त्या पंधरा-वीस मिनिटांत. एकदा पांढरा चढायला लागला की दार बंद. म्हणजे घातलेल्या अंड्यावर कोंबडा सोडून काही उपयोग नाही, आणि कवच बनत असताना जोडी लावूनही त्या अंड्याला उपयोग नाही.

तुम्ही म्हणाल, मग कोंबडा रोज नेमक्या त्या पंधरा मिनिटांत हजर कसा राहणार? राहायची गरजच नाही. कोंबडीच्या त्या नळीत खालच्या बाजूला अतिशय बारीक नळकांडी असतात. कोंबड्याचं बीज तिथे साठून राहतं आणि थोडं थोडं वर जात राहतं. एकदा जोडी लागली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून फलित अंडी यायला लागतात, आणि पुढे दहा ते चौदा दिवस येत राहतात. एखाद्या कोंबडीत तीन आठवड्यांपर्यंतसुद्धा, पण दहा दिवसांनंतर भरवसा घटत जातो. म्हणून तर आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो.

हे दहा दिवस लक्षात ठेवा. आता त्या आईची गोष्ट.

आखाडातला कोंबडा

सातारा जिल्ह्यातल्या एका गावातला मुलगा, पुण्यात शिकतो. त्याची व्हॉइस नोट आली. 'ताई, आमच्याकडे चार गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा होता. आखाडात मरीआईला कोंबडा दिला. आता आठ दिवस झाले. त्यातली एक कोंबडी खुडूक बसलीय. टोपलीत अकरा अंडी आहेत, सगळी कोंबडा गेल्यानंतरची. शेजारच्या काकू म्हणतात, कोंबडा गेला आता अंडी फळायची नाहीत, बाजारात देऊन टाक. दुसरे म्हणतात, आता कोंबड्या अंडीच द्यायच्या थांबतील, कोंबड्याच विक. आई म्हणते, त्या मोबाइलवाल्या ताईला विचार.'

खुडूक म्हणजे काय हे शहरातल्या मंडळींसाठी सांगते. कोंबडीला उबवायची ओढ लागते. ती अंडी घालणं थांबवते, खुराड्यात ठाण मांडते, हात घातला की पिसं फुलवून गुरगुरते, चोच मारते. दिवसातून एकदा उठते, चार दाणे टिपते, पाणी पिते, परत जाऊन बसते. तिच्याखाली अंडी ठेवणं याला काही गावांत 'रवणीला बसवणं' म्हणतात. आणि तिला फळणारी अंडी आणि रिकामी अंडी यातला फरक कळत नाही. ती बिचारी दोन्हीवर तितक्याच निष्ठेनं बसते, अंगातलं वजन उतरवते.

आता त्या माउलीसमोरचा हिशोब बघा. गावरान अंडं दहा-पंधरा रुपयांना जातं. अकरा अंडी विकली तर हातात शंभर-दीडशे रुपये. बसवली आणि पिल्लं निघाली तर चार-पाच महिन्यांत परसात नव्या तलंगा आणि विकायला कोंबडे. बसवली आणि काहीच निघालं नाही, तर अंडीही गेली, आणि त्या कोंबडीचे एकवीस दिवस आणि पुढचा सावरायचा काळही गेला. चार कोंबड्यांच्या घरात हे थोडं नाही.

मी त्याला म्हटलं, कॅलेंडर काढ. कोंबडा जाऊन आठ दिवस. म्हणजे टोपलीतली सगळी अंडी त्या दहा दिवसांच्या आतली आहेत. दुसरी अट अंड्याच्या वयाची. उबवायला ठेवायचं अंडं आठवड्याच्या आतलं असलेलं बरं, आणि ही सगळी साधारण तेवढीच आहेत. तेव्हा आईला म्हणावं, विकू नका, आजच बसवा. पण पुढच्या आठवड्यात येणारी अंडी मात्र बाजारात द्या किंवा खा, त्यांचा भरवसा नाही.

आणखी एक गोष्ट सांगितली. अकराही अंड्यांवर पेन्सिलीनं फुली मार. कारण खुराड्यातल्या बाकीच्या तिघी त्याच जागी येऊन आपलं अंडं हळूच घालून जातात. मग कुठलं जुनं, कुठलं नवं कळत नाही. फुली नसलेलं अंडं दिसलं की उचलायचं.

मोबाइलचा टॉर्च, सातवी रात्र

कोंबडीचं पिल्लू एकवीस दिवसांत बाहेर येतं. पण एकवीस दिवस वाट बघायची गरज नाही. सातव्या रात्री खोलीत अंधार करा. पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक पाडा, त्याखाली मोबाइलचा टॉर्च धरा आणि अंड्याचं बोथट टोक त्या भोकावर टेकवा.

आत तीनपैकी एक चित्र दिसेल. लाल शिरांचं कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी आणि मध्ये एक गडद ठिपका, म्हणजे पिल्लू वाढतंय. नुसता पिवळसर स्वच्छ उजेड, म्हणजे अंडं रिकामं. आणि शिरा नाहीत पण एक लाल कडं दिसतंय, म्हणजे फळलं होतं, मध्येच मेलं. शेवटची दोन्ही बाहेर काढायची. आणि हो, आठवडाभर कोंबडीखाली राहिलेलं अंडं खायचं नाही. कवच तपकिरी असेल तर जरा नीट बघावं लागतं, आरपार दिसत नाही.

त्या मुलानं व्हिडिओ पाठवला. टॉर्च त्याच्या बहिणीनं धरलेला, मागे आईचा आवाज, 'हळू गं, हळू'. अकरापैकी आठ अंड्यांत जाळी. दोन स्वच्छ. एकात लाल कडं. आठातून एकविसाव्या-बाविसाव्या दिवशी सात पिल्लं निघाली. शेजारच्या काकूंनी त्यातली दोन मागून ठेवलीत म्हणे.

मधल्या काळात मामाच्या गावाहून एक तरणा कोंबडा आणला. त्यावर त्याचा पुढचा प्रश्न, लगेच अंडी बसवायला घ्यायची का? मी म्हटलं, आठवडाभर जाऊ दे. कोंबडा नवा, कळपात रुळायला वेळ लागतो, आणि चारही कोंबड्यांशी त्याची जोडी पहिल्याच दिवशी लागेल असं नाही. आणि कुणाला एखाद्या खास जातीच्या कोंबड्याचीच पिल्लं हवी असतील तर आधीचा कोंबडा काढल्यावर तीन आठवडे थांबा, कारण जुन्याचं बीज साठ्यात असू शकतं.

फळलेलं अंडं गप्प कसं राहतं?

हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. फळलेलं अंडं आठवडाभर टोपलीत पडून राहतं, मग त्यातला जीव मरत कसा नाही?

झालं असं की, फळलेलं अंडं जेव्हा बाहेर येतं तेव्हा आईच्या उबेत त्याची एक दिवसाची वाढ झालेली असते. त्या इवल्या ठिपक्यात हजारो पेशी तयार असतात. बाहेर गारवा लागला की वाढ थांबते, म्हणजे झोपते म्हणा. पुन्हा ऊब मिळाली की जिथे थांबली तिथून पुढे सुरू. यंत्रात उबवताना साडेसदतीस अंशांच्या आसपास तापमान लागतं. खुडूक कोंबडी ते न मोजता देते.

म्हणून फळलेलं अंडं फ्रिजमध्ये ठेवलं तर त्यातून पिल्लू निघणार नाही. आणि म्हणूनच एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे घोटाळा होतो. विदर्भ-मराठवाड्यात घरातच पस्तीस-चाळीस अंश. अंड्याला वाटतं ऊब मिळाली, वाढ अर्धवट सुरू होते, रात्री थांबते, परत सुरू होते आणि पिल्लू आतच मरतं. मग दोष येतो कोंबड्यावर. उन्हाळ्यात अंडी बसवायची असतील तर ओल्या वाळूवर मडकं ठेवून त्यात ठेवा, आणि चार-पाच दिवसांच्या आत बसवा.

दुकानातलं अंडं आणि रूममेटचं भांडण

आता हॉस्टेलवाल्यांकडे येऊ. ट्रेमध्ये जी पांढरी अंडी मिळतात ती लेयर फार्मची. तिथल्या कोंबड्या वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देतात आणि त्या शेडमध्ये कोंबडा नसतोच. म्हणजे त्या अंड्यातून कितीही ऊब दिली तरी पिल्लू निघत नाही. युट्यूबवर दुकानातलं अंडं गरम डब्यात ठेवून पिल्लू काढून दाखवणारे व्हिडिओ आहेत. पांढऱ्या ट्रेतल्या अंड्यावर ते करून बघायच्या भानगडीत पडू नका. गावरान अंड्याची गोष्ट वेगळी, ते फळलेलं असू शकतं.

अंडं फोडल्यावर रक्ताचा ठिपका दिसला तर अनेकजण ते फेकून देतात, 'यात पिल्लू होतं' म्हणून. नाही हो. बलक सुटताना एखादी बारीक रक्तवाहिनी फुटते, त्याचा तो डाग. कोंबडा नसलेल्या शेडमधल्या अंड्यातही तो येतो. तसंच बलकाला चिकटलेला तो पांढरा दोरा. तो पिल्लाची सुरुवात वगैरे काही नाही, बलक मधोमध राहावा म्हणून निसर्गानं बांधलेली दोरी आहे. उलट तो ठसठशीत दिसला तर अंडं ताजं.

व्हॉट्सअ‍ॅपवर आणखी एक फिरतं, अंडं म्हणजे कोंबडीची पाळी. हेही चूक. पाळीत गर्भाशयाचं अस्तर बाहेर पडतं. पक्ष्यांमध्ये तसं अस्तर नसतं, त्यांना पाळी येत नाही. साम्य आहे ते एवढंच की, बीज दोन्हीकडे ठरावीक काळानं आपोआप सुटतं, नर असो वा नसो.

मग अंडं शाकाहारी का? कायद्यापुरतं उत्तर सरळ आहे. भारतात अंडं घातलेल्या पाकीटबंद पदार्थावर मांसाहाराचीच खूण लागते. जीवशास्त्र एवढंच सांगेल की लेयर फार्मच्या अंड्यात पिल्लू नव्हतं आणि होणारही नव्हतं. त्यापुढे काय खायचं, काय नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण ठरवताना एक बाजू सहसा झाकलेली राहते, ती सांगते.

झाकलेली बाजू

लेयर फार्मला कोंबड्या लागतात, त्या येतात हॅचरीतून. हॅचरीत मात्र कोंबडे असतात, किंवा त्यांचं बीज काढून कोंबड्यांमध्ये सोडलं जातं. तिथल्या फळलेल्या अंड्यांतून निम्मी पिल्लं माद्या निघतात, निम्मी नर. लेयर जातीचा नर अंडी देत नाही आणि मांसासाठी भरतही नाही. म्हणून जगभरात बहुतेक ठिकाणी ही नर पिल्लं पहिल्याच दिवशी मारली जातात. जर्मनीनं २०२२ पासून यावर बंदी घातली. तिथे आता काही हॅचऱ्यांत अंड्यातच नर-मादी ओळखून नर अंडी आधीच बाजूला काढतात. म्हणजे ट्रेमधल्या अंड्यात जीव नव्हता हे खरं, पण ते अंडं देणारी कोंबडी जन्मली तेव्हा तिच्या बरोबरीच्या एका भावाचा हिशोब झालेला असतो.

आणि याच ओघात एक गोष्ट सांगून टाकते. पिल्लू नर होणार की मादी हे कोंबडा ठरवत नाही, कोंबडी ठरवते. माणसात बरोबर उलट, मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या बीजावर ठरतं. घरात कुणी अजून सुनेला बोल लावत असेल तर त्यांना हा भाग नक्की पाठवा.

कोंबड्याशिवाय पिल्लू कधीच नाही?

शंका काढणाऱ्यांसाठी शेवटचं. १९५०च्या दशकात अमेरिकेत बेल्ट्सव्हिल इथल्या सरकारी संशोधन केंद्रात टर्की पक्ष्यांवर काम चालू होतं. नरापासून दूर ठेवलेल्या माद्यांच्या काही अंड्यांत वाढ दिसली, आणि त्यातून थोडी पिल्लंही बाहेर आली. सगळी नर. कोंबड्यांतही असं क्वचित सुरू होतं, पण बहुतेक वेळा काही दिवसांत थांबतं. तेव्हा या भरवशावर खुडूक कोंबडी बसवू नका.

तर लक्षात ठेवायचं ते एवढंच. नुसती अंडी हवीत तर कोंबड्या आणा, उजेड द्या, शिंपल्याचा चुरा द्या, कोंबडा नसला तरी चालेल, शेजारीही खूश. पिल्लं हवीत तर आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा. कोंबडा विकायचा किंवा कापायचा असेल तर त्याआधी किंवा फार तर नंतरच्या आठवडाभरात उबवायची अंडी बाजूला काढा. त्यांच्यावर पेन्सिलीनं तारीख घाला. आणि सातव्या रात्री टॉर्च.

तुमच्या गावात खुडूक कोंबडीला काय म्हणतात, तिला बसवताना टोपलीत काय घालतात, भुसा, राख की आणखी काही, ते व्हॉइस नोटवर सांगा. आजीच्या आवाजात असेल तर सोन्याहून पिवळं. पुढच्या भागात भेटू. तोवर नमस्कार!